दुखत नाही म्हणून

आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो, असे आपल्याकडे म्हणतात. स्तनाच्या कर्करोगाने या म्हणीचा पूर्वार्ध खोटा ठरविला आहे. तो येतो तोच मुंगीच्या पावलांनी. स्नानाच्या वेळी हाताला लागलेली एक बारीकशी गाठ बहुधा दुखत नाही, तीमुळे कामही अडत नाही. आणि जे दुखत नाही त्यासाठी दवाखान्याची पायरी चढावी, ही रीत आपल्या घरांतील आईला कोणी शिकविलेलीच नाही.

निम्न तेरणा धरणामुळे ज्याचे नाव सर्वतोमुखी झाले त्या लोहारा तालुक्यातील माकणीसारख्या गावची एखादी माता डोळ्यांपुढे आणावी. सोयाबीनची रास व्हायची आहे, मुलाची परीक्षा जवळ आली आहे, सासूबाईंचे पथ्यपाणी आहे. मूल अंगावर पीत असेल तर दुधाची गाठ म्हणून तिची समजूत घातली जाते. ती दुखणे अंगावर काढते आणि आपण त्यालाच सोशिकपणा म्हणून गौरवितो. हा गौरव फार महागात पडतो, हे स्पष्ट सांगण्याची वेळ आली आहे. २०२२ च्या अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात या रोगाच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांची भर पडली, आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया दगावल्या. यांतील असंख्य मृत्यूंच्या मुळाशी रोगाइतकाच उशीरही आहे.

लाजेमुळे खेड्यातील स्त्रिया तपासणीस येत नाहीत, असे ठोकून देण्याची शहरी सवय आहे. हा आरोप निराधार असल्याचे याच जिल्ह्याने सिद्ध केले आहे. १९९९ ते २००३ या काळात बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या सहकार्याने तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी जो प्रयोग केला, त्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश होता. ज्यांना तपासणीस बोलाविले त्यांतील बहुसंख्य आल्या. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये जगभर अभ्यासले गेले. कार्यकर्ती दारी आली, नीट बोलली, तर बाई घराबाहेर पडते, असाच याचा अर्थ नव्हे काय?

स्तनांच्या बाबतीतही मार्ग अज्ञात नाही. मुंबईत १९९८ पासून दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासणी केली. रोग तुलनेने लवकरच्या अवस्थेत सापडू लागला, आणि पन्नाशीच्या व त्यापुढील स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. सर्व वयांचा एकत्र विचार करता ही घट निर्णायक ठरली नाही, हे खरे. तथापि ज्या देशात २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार तिशी ते पन्नाशीतील शंभरांत एका स्त्रीचीही अशी तपासणी कधी झालेली नव्हती, तेथे या साध्या उपायाकडे पाठ फिरविणे परवडणारे नाही. तिशीपुढील स्त्रियांची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. ती कागदावरून आरोग्य केंद्रातील पडद्याआडच्या खोलीपर्यंत आली पाहिजे.

निदानानंतरचा काळ तर आईची खरी कसोटी पाहणारा. शस्त्रक्रिया, मग बहुधा दर तीन आठवड्यांनी केमोथेरपीची सलाईन, गळणारे केस, अन्नावरची उडालेली वासना, आणि मग आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे काही आठवडे किरणोपचार. माकणीहून बार्शी म्हणजे धाराशिव ओलांडून पलीकडे. मुंबई तर रात्रभराच्या प्रवासाची. महात्मा फुले जनआरोग्य योजनेमुळे उपचारांच्या खर्चाचा मोठा भार हलका झाला आहे, परंतु बुडालेली मजुरी, सोबतच्या माणसाचे जेवण आणि घरी ठेवलेल्या लेकरांची आबाळ कोणत्याच योजनेत बसत नाही. निदान केमोथेरपी जिल्ह्याच्या ठिकाणी नियमित मिळावी, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

उपचार संपले म्हणजे सारे संपले, हाही एक भ्रमच. काखेतील गाठी काढलेल्या बाजूचा हात सुजण्याचा धोका पुढे कित्येक वर्षे राहतो. त्या हाताला व्यायाम हवा, खुरप्याची जखम झाली तर हयगय नको. अनेकींना पाच ते दहा वर्षे रोज एक गोळी घ्यावी लागते. अशा वेळी ‘आता बरी झाली ना?’ म्हणून तिच्या डोक्यावर पुन्हा घागर देणारे घर तिला पुन्हा आजाराकडे लोटते. मुलांपासूनही हे लपवू नये. आईचे केस का गेले हे कळलेला मुलगा भाकरी थापायला शिकतो. न कळलेला नुसता भितो.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात या परिसराचे अपार नुकसान झाले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने धाव घेतली होती. एका घरातील आई आजारी पडते तेव्हा जमीन हादरत नाही, बातमी होत नाही. पण त्या घराचे छप्पर खचलेलेच असते. शिक्षकांनी शाळेच्या माता-मेळाव्यात हा विषय काढावा, कारकुनांनी योजनेची कागदपत्रे अडवू नयेत, विद्यार्थ्यांनी आज घरी गेल्यावर आईला एकच प्रश्न विचारावा. दुखत नसले तरी दाखवून ये, एवढे चार शब्द घराघरांत रुळले, तरी कित्येक लेकरांची आई वाचेल.