खेळाचा तास मुलांना परत द्या

प्राथमिक शाळेच्या भिंतीवरील वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचा तास असतो आणि त्या वेळी वर्गात गणित चालू असते. ही चोरी रोजची झाल्यामुळे तिला कोणी चोरी म्हणत नाही. वर्ध्याला चिकटून वाढलेल्या पिपरी मेघेसारख्या गावात ती अधिक महाग पडते. शेतांचे लेआउट झाले, लेआउटवर घरे उठली. मूल ऑटोने शाळेत जाते, तिथून ट्यूशनला, मग मोबाइलसमोर. पळायला हक्काचा तेवढाच एक तास उरतो, आणि नेमका तोच कापला जातो.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल आवश्यक मानते, म्हणजे आठवड्याला ४२०. पस्तीस मिनिटांचे दोन तास पूर्ण मिळाले तरी ७० भरतात. तेही शिष्यवृत्तीच्या जादा वर्गाला जातात किंवा गृहपाठ न केल्याची शिक्षा म्हणून काढून घेतले जातात. मुलाचे शरीर शिक्षेसाठी वापरणे निर्लज्जपणाचे आहे.

‘आपल्याकडे कुपोषण आहे, लठ्ठपणा शहरांचा,’ असे सांगितले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील जादा वजनाच्या बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होते; २०१९-२१ मध्ये ते ४.१ टक्के झाले. दुपटीहून अधिक, तेही पहिलीत जाण्याआधी. त्याच पाहणीत राज्यातील सुमारे ३५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. ही दोन्ही मुले एकाच बाकावर बसतात, आणि मैदान दोघांनाही लागते.

‘दोष वेफर्सच्या पुड्यांचा’ हेही अर्धेच खरे. शाळेपासून ५० मीटरच्या आत जादा साखर, मीठ व चरबीचे पदार्थ विकण्यास २०२० च्या केंद्रीय नियमांनी बंदी घातली आहे. ती पाळलीच पाहिजे. मात्र फाटकाबाहेरच्या टपरीकडे बोट दाखवून फाटकाच्या आतला बंद तास झाकता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मैदान आणि प्रत्येक वर्गासाठी खेळाचे साहित्य लिहिलेले आहे. शिवाय हे वर्धा आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखालील शिक्षण परिषदेत हाताच्या कामातून शिकवण्याचा विचार इथेच मांडला गेला. त्याच गावाच्या कुशीत मुलांना पाच-सहा तास बाकाला खिळवून ठेवले जाते.

उन्हाची सबब खरी आहे. वर्ध्याचा उन्हाळा कोणी नाकारत नाही. पण त्या दिवसांत शाळा सकाळची भरते. पहिला तास खेळाला द्यावा, गणित पंख्याखाली नंतर होते.

तास परत मिळाला तरी तो केवळ संघातल्या दहा मुलांचा होऊ नये. जाड मुलाला पंच करून कडेला उभे करणे आणि त्याला टोपणनावाने हाक मारणे आजपासून थांबले पाहिजे. लंगडीत सगळा वर्ग एकदम उतरतो. आट्यापाट्यांना फक्कीच्या रेषा पुरतात.