जामीनदाराची सही

परवा दुपारी आमच्या शेजारचे कास्तकार कागदांची चळत घेऊन आले. बँकेतून निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी घाटंजीतली मंडळी कागद समजून घ्यायला अजून माझ्याकडे येतात. यावेळी कागद पीककर्जाचे नव्हते. त्यांची धाकटी अकरावीत आहे आणि तिला खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जायचं आहे.

"साहेब, पोरगी काही आयकत नाही. खर्च किती लागन अन् सही कायच्यावर करा लागते, तेवढं पाहून सांगा."

खर्चाचं उत्तर सोपं होतं. प्रशिक्षण, राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं, सारा भार सरकार उचलतं. पालकांकडे उरतो तो हातखर्च. सहीचं उत्तर जरा जड होतं. मुलानं वा मुलीनं स्वतःच्या कारणानं प्रशिक्षण अर्धवट सोडलं, तर त्यावरचा खर्च परत करण्याचा बंधपत्रक पालकांना लिहून द्यावा लागतो. प्रशिक्षणात इजा झाली तर भरपाई मागणार नाही, हेही लिहून द्यावं लागतं.

"म्हणजे जामीनच की!" ते म्हणाले आणि विचारात पडून घरी गेले. तो शब्द मात्र माझ्यापाशी राहिला.

नोकरीत मी दोन तऱ्हेचे जामीनदार पाहिले. एक, सही करून विसरणारे. नोटीस आली की 'माझा काय संबंध' म्हणून भांडणारे. दुसरे त्याहून अवघड. सही केली की दुसऱ्या दिवसापासून कर्जदाराच्या धुऱ्यावर उभे राहून कपाशी लावायची की तूर, हे तेच ठरवणार. चांगला जामीनदार क्वचित भेटे. तो माणूस पारखून, धोका समजून सही करी, शेती ज्याची त्याला करू देई आणि पीक बुडालं त्या वर्षी त्याच्या ओट्यावर येऊन बसे.

माझ्या मुलाच्या बाबतीत मी दुसऱ्या तऱ्हेचा होतो, हे कबूल केलं पाहिजे. अर्ज मी भरला, वेळापत्रक मी आखलं, पहाटे उठवायलाही मीच. लेखी परीक्षा तो पास झाला. भोपाळच्या मुलाखतीला गेला आणि पहिल्याच दिवशीच्या चाळणीत गळून परत आला. एस.टी. स्टँडवर तो उतरला, तेव्हा मी त्याची बॅगही घेतली नाही. विचारलं, "नेमकं काय चुकलं?" त्या प्रश्नाचं उत्तर त्यानं आजवर दिलेलं नाही. आज तो चांगल्या नोकरीत आहे, दिवाळीला येतो. पण ती संध्याकाळ आमच्या दोघांत तशीच उभी आहे.

या परीक्षेची घडणच अशी आहे, की तिथं धुऱ्यावरचा जामीनदार कामाचा नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा ९०० गुणांची, त्यात गणिताला ३०० आणि सामान्य क्षमतेला ६०० गुण. त्यानंतरच्या निवड मंडळालाही तेवढेच ९०० गुण. तिथं पाच दिवस मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरची गटकार्यं आणि मुलाखत. एका चाचणीत तर उमेदवारानं लिहायचं असतं : तुझ्याबद्दल आईवडिलांना काय वाटतं? माझ्या मुलाला तिथवर पोचताच आलं नाही. पोचला असता तर काय लिहिलं असतं, या विचारानं मला अजूनही कसंसं होतं. आपण आपल्या मुलांना हे कधी सांगतो? मार्क सांगतो, शेजारच्याचे मार्क सांगतो.

वाटा आता पूर्वीपेक्षा मोकळ्या आहेत. प्रबोधिनी १९५५ पासून महाराष्ट्राच्या भूमीवर आहे. मराठी मुलं अधिकारी म्हणून सैन्यात जावीत यासाठी राज्य सरकारनं १९७७ साली तेव्हाच्या औरंगाबादेत सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली; मुलींसाठी नाशिकला तशीच संस्था २०२३ मध्ये सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानं मुलींना या परीक्षेचं दार उघडलं आणि मे २०२५ मध्ये पहिल्या १७ मुली प्रबोधिनीतून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि बारावीत असतानाही देता येते. तेव्हा एका अपयशानं आभाळ कोसळत नाही. कोसळतं ते आपल्या चेहऱ्यावरून.

म्हणून माझं मत असं, की पालकांनी शिकवणीच्या फीची सोय करण्याआधी पोराला एकट्यानं यवतमाळला जाऊन येऊ द्यावं. बँकेतलं काम, बाजाराचा हिशेब, घरातला एखादा निर्णय त्याच्यावर सोपवावा आणि तो चुकला तर चूक त्यालाच निस्तरू द्यावी. सैन्यातल्या धोक्यांबद्दल मनातली भीती लपवू नये. पण ती भीती पोराच्या पायात बेडीसारखी घालूही नये. आणि गडी बदलला, दुसरं काही करावंसं वाटलं, तर तेही ऐकून घ्यावं.

काल ते कास्तकार पुन्हा आले. मी विचारलं, "पोरीबद्दल तुम्हाला काय वाटतं?" बराच वेळ ते टोपीशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "मागच्या साली कापसाचा सारा हिशेब तिनंच ठेवला. एक पैसा चुकला नाही."

"हे तिला सांगितलं?"

"नाही बा. असं कोणी सांगते का?"

मी कागद त्यांच्या हाती परत दिले. म्हटलं, सहीला अजून वेळ आहे. आधी घरी जाऊन एवढं सांगा.