यंत्र आले, विद्या कुठे?

कल्याण-शीळ रस्त्यावर रिक्षात बसून 'प्रीमियरला सोड' म्हटले, तर रिक्षावाला बिनचूक जागी आणून सोडतो. मात्र ते कशाचे नाव आहे, हे विशीतल्या मुलाला सांगता येईलच असे नाही. आता त्या भागात टॉवर उभे राहिले आहेत आणि पलीकडे पलावाची वस्ती पसरली आहे. याच परिसरात प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. १९९० च्या दशकाच्या मध्यावर तिथून 'प्यूजो ३०९' ही फ्रेंच मोटार तयार होऊन बाहेर पडू लागली. आपल्या गावच्या वेशीवर परदेशी गाडी बनते, याचे डोंबिवलीकरांना कोण अप्रूप होते! तीन-चार वर्षांतच तो सारा डाव मोडला.

ही जुनी गोष्ट आज उकरून काढण्याला कारण आहे. ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून अंबरनाथपर्यंत हल्ली कोणत्याही कारखान्यात वा कचेरीत जा, एकच धोशा ऐकू येतो : नवे तंत्रज्ञान आणले पाहिजे. कुणाला कृत्रिम बुद्धिमत्ता हवी असते, कुणाला स्वयंचलित यंत्रे, तर कुणाला विजेवरच्या वाहनांचे सुटे भाग. मालक उत्साहात आहेत आणि कामगार धास्तावले आहेत. घरोघरी आईवडील विचारतात, 'मुलाने आता शिकावे तरी काय?' अशा वेळी तंत्रज्ञान एखाद्या कंपनीत 'येते' म्हणजे नेमके काय येते, हे तपासायला प्रीमियरसारखे दुसरे उदाहरण आपल्या आसपास नाही.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये ही कंपनी काढली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. इंग्रजांच्या राज्यात विमान, जहाज आणि मोटार या तिन्ही धंद्यांत हात घालणारा हा सोलापूरचा माणूस होता, त्याच्या हिमतीला तोड नव्हती. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ पासून जी ११०० गाडी इथे बनू लागली, तीच नाव बदलून 'पद्मिनी' झाली आणि २००० सालाच्या आसपासपर्यंत निघत राहिली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसलेल्या प्रत्येकाला तिचा तो स्टिअरिंगशेजारचा गिअरचा दांडा आठवत असेल. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा आपण सारे हळवे झालो. ते स्वाभाविकच होते. पण एकच गाडी साडेतीन दशके विकता येत होती, ही त्या गाडीची थोरवी नव्हे. परवाना पद्धतीत किती गाड्या काढायच्या ते सरकार ठरवी, आणि गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाही. असे असताना नवे मॉडेल कोण काढणार? नव्या रेखाटनावर पैसा खर्चणारा उद्योजक त्या काळात वेडाच ठरला असता.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हे चित्र पालटले. प्रीमियर स्वस्थ बसली असे नाही. १९८५ मध्ये तिने '११८ एनई' काढली : सांगाडा फियाटच्या जुन्या गाडीचा, इंजिन निस्सानचे. मग उदारीकरण आले आणि कंपनीने एकदम दोन सोयरिकी जुळवल्या, कल्याणला प्यूजोशी आणि कुर्ल्याला फियाटशी. ३०९ ही गाडी युरोपात १९८५ ची, तिकडे तिचे उत्पादन थांबत आले तेव्हा ती इकडे आली. १९९६ मध्ये इथे आलेली 'उनो' तर इटलीत १९८३ मध्येच निघाली होती. म्हणजे नवे म्हणून जे आले, ते परदेशी भागीदारांच्या माजघरातून निघालेले होते. तरीही लोकांनी उनोसाठी रांगा लावून नोंदणी केली. गाड्या मात्र थेंब थेंब निघाल्या. कामगारांशी तंटा पेटला, भागीदारांत बेबनाव झाला आणि १९९७-९८ च्या सुमारास प्यूजोने काढता पाय घेतला. गंमत अशी, की प्यूजोचेच डिझेल इंजिन पुढे मारुतीने झेन आणि एस्टीममध्ये बसवले आणि चालवून दाखवले. आणखी एक गंमत म्हणजे ज्या दोन सासुरवाड्या प्रीमियरला एकत्र सांभाळता आल्या नाहीत, त्या प्यूजो आणि फियाट २०२१ पासून 'स्टेलांटिस' या एकाच कंपनीत नांदत आहेत.

'युनियनने कंपनी बुडवली' हे याचे नेहमीचे स्पष्टीकरण. डोंबिवलीच्या कट्ट्यांवर मी ते अनेकदा ऐकले आहे. त्यात तथ्य नाही असे नाही, पण तेवढ्यावर माझे समाधान होत नाही. कामगारांचा संघर्ष पुण्यात टेल्कोतही झाला होता, १९८९ मध्ये शनिवारवाड्यावर तिच्या कामगारांनी केलेले उपोषण साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. तरीही त्याच टेल्कोने डिसेंबर १९९८ मध्ये 'इंडिका' बाजारात आणली. प्यूजोने गाशा गुंडाळला त्याच सुमाराची ही गोष्ट.

फरक कशात होता? टेल्कोचे पुण्यातले संशोधन केंद्र १९६६ पासूनचे. तिथे तीस वर्षे अभियंते ट्रक घडवत, मोडत, पुन्हा घडवत होते. इंडिकाच्या रेखाटनाला टेल्कोने इटलीतल्या संस्थेची मदत घेतली आणि उत्पादनाची यंत्रसामग्री ऑस्ट्रेलियातल्या निस्सानच्या बंद पडलेल्या कारखान्यातून उचलून आणली. म्हणजे उसनवारी इथेही होती, आणि भरपूर होती. पहिल्या इंडिकाबद्दल तक्रारींचा पाऊस पडला. पण तक्रार आली तेव्हा ती कुठे दुरुस्त करायची हे ठाऊक असलेली माणसे घरातच होती. त्यांनी गाडी सुधारली, २००१ मध्ये नवी आवृत्ती आली आणि ती चालली. प्रीमियरकडे कुशल कामगार नव्हते का? होते, उत्तम होते. कुर्ल्याच्या फिटरांच्या हाताला कसब होते. नव्हती ती आराखडा बदलण्याची सवय. ज्या संस्थेने साडेतीन दशके एकही मोठा बदल पचवला नाही, तिच्यावर दोन परदेशी कंपन्यांच्या दोन कार्यपद्धती एकदम आदळल्या. कामगाराला त्यातून काय दिसले? नवी गाडी, नवा साहेब, नवे नियम आणि आपली नोकरी कुठल्या कंपनीच्या वहीत जाणार याचा घोर. त्याने विरोध केला, तर तो फक्त अडाणीपणाने केला असे मी म्हणणार नाही.

वागळे इस्टेटमध्ये माझे अधूनमधून जाणे होते. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या एमआयडीसीची ही पहिली वसाहत. बऱ्याच कारखान्यांच्या जागी आता काचेच्या आयटी इमारती आहेत, पण गल्लीबोळांत लेथचा आवाज अजून ऐकू येतो. तिथल्या एका मालकांनी मोठे कर्ज काढून संगणकावर चालणारे यंत्र घेतले. ते चालवणारा मुलगा कल्याणचा, आयटीआय झालेला, हुशार. सारे प्रोग्राम त्याच्या डोक्यात. त्याला दुसरीकडे थोडा जास्त पगार मिळाला, तो गेला. यंत्र महिनाभर झाकून ठेवावे लागले. 'मशीन माझे, पण विद्या त्याची,' मालक हसत म्हणाले, पण ते हसू काही खरे नव्हते. मी विचारले, 'त्याला दुसऱ्या कुणाला शिकवायला का नाही सांगितलेत?' ते म्हणाले, 'तो शिकवील तेवढा वेळ उत्पादन बंद. मला परवडत नाही.' आणि मुलगा का शिकवील? शिकवले की आपली किंमत कमी होते, हे त्याला कळते.

मोठ्या कचेऱ्यांतही फार निराळे नाही. लाखो रुपयांचे सॉफ्टवेअर येते, मालाची नोंद त्यात होते आणि गोदामातला कारकून तीच नोंद जुन्या रजिस्टरमध्येही करतो, कारण हिशेब जुळला नाही तर बोलणी त्यालाच खावी लागतात. त्याचा अविश्वास दूर करायला कुणी त्याच्याशेजारी चार दिवस बसत नाही. सॉफ्टवेअर निवडण्याच्या बैठकीला तो नसतोच. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने येताहेत, ती निवडणाऱ्या बैठकांनाही तो नसणार.

त्याच वागळेच्या मालकांकडे सध्या नवा प्रश्न आहे. ते इंजिनाचे छोटे भाग बनवतात. विजेच्या मोटारीला ते भाग लागतच नाहीत. एका जुन्या गिऱ्हाइकाने मोटारीच्या आवरणाचा नमुना पाठवला आहे : 'जमेल का बघा.' यंत्र तेच चालेल, धातू वेगळा आहे, माप अधिक काटेकोर आहे. यंत्रासाठी बँक कर्ज देते. पण चुकत-माकत शिकण्यात जे पाच-सहा महिने जातील, तेवढ्या काळाचे पगार कुठून काढायचे, हे त्यांना सुटत नाही. परवा गेलो तेव्हा नमुना टेबलावर होता. या वेळी मालकांनी यंत्रापाशी दोन मुले उभी केली होती, एक चालवणारा आणि एक नुसता पाहणारा. पाहणाऱ्याचा पगार त्यांना जड जातो आहे, आणि ते अजून तीन महिने तरी तो देऊन पाहणार आहेत.