लागणं आणि 'लगाव'

मंडळी, इंग्रजीत एके काळी 'टु लगाव' असं क्रियापद होतं, ठाऊक आहे? हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ सालच्या कोशात ते सापडतं. अर्थ, होडी किनाऱ्याला किंवा धक्क्याला लावणे. मूळ अर्थातच हिंदुस्थानी 'लगाना'. जॉन शेक्सपियर यांच्या (नाटकवाले नव्हेत, हे कोशकार!) हिंदुस्थानी कोशात 'लगाना'चे डझनावारी अर्थ आहेत, पण नेमका होडीचाच राहून गेला, अशी कोपरखळीही तिथे मारलेली आहे.

गंमत अशी, की साहेबाने क्रियापद उचललंच नाही. उचलला तो हुकूम. त्याने 'लगाओ' म्हणायचं आणि नावाड्याने होडी लावायची. त्या आज्ञेचंच इंग्रजी क्रियापद झालं. 'पकडाओ', 'बनाओ', 'फुसलाओ' यांचीही तीच कथा. हे शब्द हुकूम सोडणाऱ्यांच्या तोंडचे. साहेब गेला, त्याच्याबरोबर तेही गेले.

आमच्या पूर्णगडला मुचकुंदीच्या खाडीत होडी मात्र अजून लागते. संस्कृत 'लग्' धातूचं मराठीतलं गोत केवढं मोठं! तहान लागते, ठेच लागते, लळा लागतो, फणस गोड लागतो. 'लग्न' हा शब्दही त्यातलाच. बोट किनाऱ्याला लागली तर ती पोचली, आणि माणसाला लागली तर पोटात ढवळलं! यातलं काहीच कुणाच्या हुकमाने होत नाही. म्हणून तर हा शब्द टिकला.

मला यात आपल्याच घरची काळजी दिसते. परगावी, परदेशी वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या कानावर मराठी कितीशी पडते? 'ये', 'जेव', 'आवर', 'झोप'. थट्टा, भांडण, गोष्टी, रुसवेफुगवे सगळं इंग्रजीत. आणि आपण कौतुकाने सांगतो, "त्याला मराठी सगळं समजतं हो!" समजतं, पण हुकमापुरतं. हुकूम सोडणारे आपण एक दिवस नसणार, मग त्या शब्दांना विचारणार कोण?

तेव्हा 'जेव' म्हटल्यावर मूल पानावर येतं का, हे फार मोजू नये. 'मला भूक लागली' असं ते आपणहून म्हणतं का, ते बघावं.