एका नोंदीची किंमत

जुन्या दूरदर्शन मालिकांचा विषय निघाला की माझ्या वयाची माणसे एकदम हळवी होतात. ‘हम लोग’, ‘बुनियाद’, ‘तमस’ अशी नावे निघतात, शीर्षकगीते गुणगुणली जातात. या स्मरणरंजनात मला आजवर कधी भाग घेता आला नाही, कारण त्या काळी या मालिका मी पाहिल्याच नाहीत. आमच्या कोकणातील गावापर्यंत प्रक्षेपणाच्या लहरी धडपणे पोचत नसत. पुढे अर्थशास्त्राच्या एम.ए.ला असताना वसतिगृहातील एकुलत्या एका दूरचित्रवाणी संचावर क्रिकेटचे निर्विवाद राज्य होते, आणि त्यानंतर लोकसेवा आयोगाच्या परीक्षेच्या तयारीत तर करमणूक म्हणजे पाप होते. त्यामुळे १९८९ ते १९९१ या काळात दाखविली गेलेली ‘उडान’ मी यंदा, कुटुंबापासून दूर असलेल्या नेमणुकीवर, एकट्याच्या संध्याकाळी प्रथमच पाहिली. म्हणजे ज्या परीक्षेच्या वाटेवरची ही मालिका, ती परीक्षा देऊन, नोकरीची तीन दशके काढून मग.

कदाचित म्हणूनच ती मला इतरांपेक्षा वेगळी दिसली असेल. इतरांना आठवते ती स्फूर्ती. कविता चौधरी यांनी ही मालिका लिहिली, दिग्दर्शित केली आणि तिच्यातील कल्याणी सिंगची भूमिकाही केली. (‘सर्फ’च्या जाहिरातीतील ललिताजी त्याच.) कथेला आधार होता त्यांच्या थोरल्या भगिनी कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्या आयुष्याचा. या १९७३ च्या तुकडीच्या, किरण बेदी यांच्यानंतरच्या दुसऱ्या महिला आयपीएस अधिकारी. २००४ मध्ये त्या उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या आणि एखाद्या राज्याचे पोलीस दल सांभाळणाऱ्या देशातील पहिल्या महिला ठरल्या. मालिका पाहून आपण स्पर्धापरीक्षेकडे वळलो असे सांगणाऱ्या अनेक भगिनी प्रशासनात भेटतात. मालिकेचे हे ऋण खरेच आहे आणि ते नाकारण्याचा माझा हेतू नाही.

मला मात्र थांबविले ते कल्याणीच्या वडिलांच्या प्रकरणाने. विक्रम गोखले यांनी हा बाप अतिशय संयमाने उभा केला आहे. मुलगा आणि मुलगी असा भेद न मानणारा, सरळमार्गी माणूस. जमिनीच्या वादात त्याच्यावर हल्ला होतो आणि न्यायाची दारे एकामागून एक बंद होत जातात. प्रत्यक्षातही चौधरी भगिनींच्या वडिलांना मालमत्तेच्या वादातून मारहाण झाली होती आणि पोलीस गुन्हा नोंदवून घेण्यास तयार नव्हते. त्यातूनच कांचन यांनी पोलीस सेवेत जाण्याचा निश्चय केला, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे.

आता या घटनाक्रमाकडे हिशेबनिसाच्या नजरेने पाहा. माझी सेवा लेखापरीक्षणाची, तेव्हा ही खोड सुटत नाही. एका नागरिकाला हवे काय होते? ठाण्यातील एका नोंदवहीत चार ओळी. तो नागरिकाचा हक्क होता आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ ने पोलिसांचे ते कर्तव्य ठरविले होते. त्या चार ओळी लिहिल्या गेल्या नाहीत, आणि त्या घराने शोधलेला उपाय कोणता, तर मुलीने अखिल भारतीय सेवेत प्रवेश मिळविणे! आज या परीक्षेला दरवर्षी दहा लाखांच्या आसपास अर्ज येतात आणि निवड होते ती जेमतेम हजारांची. एका नोंदीची ही किंमत. ज्या घरात कल्याणी जन्मली नाही, किंवा जन्मली पण उत्तीर्ण झाली नाही, त्या घराने काय करायचे, हा प्रश्न मालिका विचारत नाही. तिचे ते कामही नव्हे. पण आपण प्रशासनातील माणसांनी तो विचारायला हवा होता, आणि आपण मात्र टाळ्या वाजविल्या.

याच दूरदर्शनवर चार वर्षे आधी, १९८५ मध्ये, बासू चटर्जींची ‘रजनी’ येऊन गेली होती. प्रिया तेंडुलकरांची रजनी खिडकीच्या अलीकडे उभी राहून भांडे. कल्याणी खिडकीच्या पलीकडे जाऊन बसली. आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये मांडणी केली होती की संस्था बिघडली की माणूस एकतर आवाज उठवतो किंवा ती सोडून जातो. आपल्या मध्यमवर्गाने तिसरी वाट काढली, ती म्हणजे संस्थेतच नोकरी मिळविण्याची. ‘घरात एक तरी अधिकारी असावा’ या वाक्यात सेवाभाव किती आणि विमा किती, हे प्रत्येकाने आपापल्या घरी तपासून पाहावे.

हा विमा कसा वठतो ते मी जवळून पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी उत्तरेतील एका शहरात नेमणुकीवर असताना माझ्या वाहनचालकाच्या भावाला शेताच्या बांधावरून मारहाण झाली. ठाण्याच्या तीन फेऱ्या झाल्या. दर वेळी साध्या कागदावर अर्ज घेऊन बोळवण. चालक संकोचत म्हणाला, “साहेब, न्याय वगैरे नंतर पाहू. त्यांनी नुसतं लिहून घेतलं तरी पुष्कळ.” मी एका परिचित वरिष्ठांना दूरध्वनी केला आणि त्याच संध्याकाळी गुन्हा नोंदला गेला. दुसऱ्या दिवशी चालक पेढे घेऊन आला. जाता जाता सहज बोलून गेला की त्याच बाकावर एक बाई सकाळपासून बसून होत्या. त्यांच्या ओळखीचे कुणी नव्हते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना यातील वर्म वेगळे सांगायला नको. गावाकडे निदान कुणाचा तरी मेहुणा कुठेतरी असतोच. परप्रांतात भाषा परकी, आडनावाचा उच्चारही धड होत नाही, आणि महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात ‘पोलिसात आपलं कुणी आहे का हो?’ अशी दबकी विचारणा होते. ओळखीचे भांडवल मागे ठेवून आलेल्या माणसाला नोंदवहीचाच आधार अधिक लागतो.

आता ठाण्यात नोंद का होत नाही याकडे वळू. लाच, जात, दबाव ही उत्तरे खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. ठाणेदाराचे मूल्यमापन नोंदलेल्या गुन्ह्यांच्या आकड्यावरून होते. आकडा वाढला की आढावा बैठकीत जाब विचारला जातो, विधानसभेत प्रश्न येतो, वर्तमानपत्रांत मथळे येतात. मग आकडा कमी ठेवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग कोणता, हे कळायला एम.ए. व्हावे लागत नाही. दाखल गुन्ह्यांची वाढ आणि गुन्हेगारीची वाढ या भिन्न गोष्टी आहेत, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवालही बजावतात. तो इशारा कुणी वाचत नाही. तक्ते मात्र सगळे वाचतात. अशा व्यवस्थेत एखादी कल्याणी अधीक्षक म्हणून आली तर ती असेतो नोंदी होतील. तिची बदली झाली की मुन्शी तोच, बाक तोच.

कायदा पुढे सरकला आहे, हे मान्य करायला हवे. ‘ललिता कुमारी विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०१३ मध्ये निर्णय दिला की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच नोंद बंधनकारक आहे. प्राथमिक चौकशीला जागा ठेवली ती मोजक्याच प्रकारांत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, महिलांवरील काही गंभीर गुन्ह्यांची खबर नोंदविण्यास नकार देणाऱ्या लोकसेवकाला किमान सहा महिन्यांच्या कारावासाची तरतूद झाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे खबर हद्दीबाहेरच्या ठाण्यातही देता येते, इलेक्ट्रॉनिक माध्यमानेही देता येते. मात्र तीन दिवसांत तिच्यावर स्वाक्षरी करावी लागते. त्याच कलमात तीन ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी, उपअधीक्षकांच्या परवानगीने, चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची मुभाही आहे. या चौदा दिवसांविषयी मी साशंक आहे. बांधावरची मारहाण पुष्कळदा याच पट्ट्यात बसते, आणि गावातील ‘समजूत’ घडवून आणायला चौदा दिवस पुरेसे होतात.

कलमांनी जे साधत नाही ते मोजण्याच्या पद्धतीने काही अंशी साधते, याचा एक पुरावा आपल्याच देशात आहे. राजस्थान पोलिसांनी अभिजीत बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांसोबत दीडशेहून अधिक ठाण्यांत सुधारणांचे प्रयोग केले होते. त्यात सामान्य तक्रारदार म्हणून माणसे ठाण्यात पाठविली गेली. खोटी तक्रार प्रत्यक्ष नोंदली जाण्याआधी ती आपली खरी ओळख सांगत. समोरचा माणूस तपासणीसाठी आलेला असू शकतो, एवढ्या जाणिवेने भेटीगणिक नोंदणीचे प्रमाण सुधारत गेले. आम्ही लेखापरीक्षक ज्याला नमुना तपासणी म्हणतो, तीच ही. तिला खर्च फारसा नाही, नवा कायदा लागत नाही, कुणी धाडसी अधिकारी जन्माला येण्याची वाट पाहावी लागत नाही. राज्यांनी ती नियमित करावी आणि दाखल गुन्ह्यांच्या तक्त्याशेजारी तिचे निष्कर्ष छापावेत. मग आढावा बैठकीत आकडा वाढलेल्या ठाणेदारालाही मान वर करून बसता येईल.

त्या अभ्यासाच्या लेखकांत राजस्थानच्या एक पोलीस अधिकारीही होत्या. नीना सिंह, पुढे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या पहिल्या महिला महासंचालक. त्यांची तुकडी १९८९ ची, म्हणजे ‘उडान’ सुरू झाली त्याच वर्षीची.