लेखन आणि चिकित्सा : एकाच मापाची शिस्त



मराठीच्या उत्तरपत्रिकांत माहिती पुष्कळ असते. मत मात्र क्वचित आढळते. लेखकाचा जन्म, ग्रंथांची नावे आणि वाङ्मयीन वैशिष्ट्ये क्रमाने नोंदवली की उत्तर पूर्ण झाले, असा समज रूढ आहे. नोकरी व संसार सांभाळून रात्री अभ्यास करणाऱ्यास पाठांतराचा मार्ग जवळचा वाटणे स्वाभाविक आहे. तरीही प्रौढ विद्यार्थ्याने विश्लेषणाचाच मार्ग धरावा, असे माझे मत आहे. कारण त्यासाठी लागणारा जीवनानुभव त्याच्यापाशी आधीच असतो.

याचा दाखला आपल्या विदर्भातच आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांना औपचारिक शिक्षण लाभले नव्हते. त्या घरीच शिकल्या. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली आणि त्या निमित्ताने समस्त स्त्रीजातीला दूषणे दिली जाऊ लागली. त्यास ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून उत्तर दिले. या लेखनात संताप आहे, तसाच शिस्तबद्ध युक्तिवादही आहे. स्त्रियांवर ठेवलेला एकेक ठपका त्या घेतात आणि हा दोष पुरुषांत नाही काय, असे विचारतात. विधवेला पुनर्विवाहाची बंदी, विधुराला मात्र मोकळीक, या भेदाचाही त्या जाब विचारतात. दोन्ही बाजूंना एकच माप लावणे ही चिकित्सेची पहिली पायरी होय.

हे माप आपण स्वतः वापरून पाहा. ‘तो काम करून राहिला’ हे नागपुरी वाक्य अशुद्ध आहे, असे अनेक जण ठासून सांगतात. आक्षेप कोणता? ‘राहणे’ हे क्रियापद येथे विनाकारण आले, असा. मग ‘तो काम करत आहे’ यातील ‘आहे’चे कार्य कोणते? दोन्हीकडे सहायक क्रियापद चालू क्रियाच दाखवते. तेव्हा हा भेद शुद्धतेचा नसून प्रमाणभाषेच्या संकेताचा आहे. परीक्षेत आपण प्रमाणभाषा अवश्य लिहावी. परंतु आपल्या घरची बोली सदोष आहे, असे मानण्याचे कारण उरत नाही.

पुढील स्वाध्याय लिहिताना प्रथम एका वाक्यात आपले विधान मांडा. त्याखाली त्याचा आधार लिहा आणि त्यावर येऊ शकणारा एक आक्षेप नोंदवा. मगच पुस्तिका उघडा आणि त्या विधानास उपयोगी पडेल तेवढीच माहिती निवडा.