राउटर बदलण्याची घाई कशाला?

संगणकाला घरचा राउटर दिसत नसेल तर सरळ नवा घ्यावा, हा मागील अंकातील पत्रलेखकाचा सल्ला मला अजिबात पटला नाही. त्याच खोलीत मोबाइलवर वाय-फायचे नाव दिसत असेल, तर राउटर शाबूत आहे. गाडे अडते ते बहुधा संगणक आणि राउटर यांच्या जुळणीत.

जुन्या लॅपटॉपमधली वाय-फाय कार्डे अनेकदा फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरचा तो पट्टा बंद असेल तर त्यांना नाव दिसणारच नाही. अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेल्या लॅपटॉपची गंमत वेगळीच. आपल्याकडे या पट्ट्यात 13 चॅनेल चालतात, तिकडच्या कार्डांना मात्र सहसा 11 पर्यंतचेच दिसतात. राउटर 'ऑटो'वर असताना 12 किंवा 13 वर गेला, की नाव यादीतून गायब! सेटिंगमध्ये चॅनेल 1, 6 किंवा 11 करून ठेवले की झाले. वाय-फाय 6 चा राउटर आणि कार्डाचा जुना ड्रायव्हर यांचेही असेच बिनसते. तिथे ड्रायव्हर अद्ययावत करावा.

हे बदल करायला राउटरमध्ये शिरायचे कसे? लॅन केबल जोडावी आणि राउटरच्या तळाशी छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाकावा. पेन्शनवर घर चालवणाऱ्यांना दोन-तीन हजारांचा भुर्दंड पाडण्याआधी एवढे तरी सांगायला हवे होते.

— एक वाचक, सांगली